साष्टींतील ख्रिस्ती घराण्यांचीं आडनांवें व त्यांचे लेखनभेद

अंधेरी, मरोळ, वांद्रें, कुर्लें, बोरिवली या बाजूच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ जुळवूं पाहणारास कागद मिळत नाहींत असें नाहीं. मिळालेल्या कागदांत आडनांव ओळखूं येत नाहीं, ही त्याची खरी अडचण. एकाच कुळांतील आजा 'सूझा', बाप 'डिसोझा' आणि नातू 'डिसूझा' असा लिहिलेला सांपडतो. उलट, ज्यांचा परस्परांशीं रक्ताचा कांहींएक संबंध नाहीं अशीं दोन घराणीं एकाच वहींत अक्षरशः एकसारखीं 'परेरा' म्हणून उतरलेलीं असतात. पहिल्या प्रकारानें खरा दुवा तुटतो, दुसऱ्यानें परक्याचा वंश आपल्या वृक्षास चिकटतो. तुटलेला दुवा निदान डोळ्यांना दिसतो. खोटा जोडलेला दिसत नाहीं, म्हणून तो अधिक घातक.

हा विषय मराठी संशोधकांनीं परका मानूं नये. हीं घराणीं मूळचीं याच भूमीचीं. कोळी, भंडारी, आगरी, कुणबी अशा ज्ञातींतून ख्रिस्ती झालेलीं, आणि बोलीनें मराठीच. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्याखालील मुलूख इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत तहानें पोर्तुगीजांस दिला, तेव्हांपासून साष्टी बेट त्यांच्या अंमलाखालीं आलें. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें, १७३९ त वसई पडली, आणि पुढें १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत साष्टी पेशव्यांच्या राज्यांत होती. १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती इंग्रजांकडे कायम झाली. म्हणजे एकाच घराण्याचें नांव प्रथम पोर्तुगीज पाद्र्यानें, मग मराठी कारकुनानें, मग इंग्रज अंमलांतील लेखकानें लिहिलें. घराणें जागच्या जागीं राहिलें, लेखणी बदलली. यास्तव आमचें म्हणणें असें कीं, आडनांवाचें रूप हें घराण्याचें लक्षण न समजतां लिहिणाराचें लक्षण समजावें, आणि नोंद वाचण्यापूर्वीं ती कोणत्या भाषेच्या माणसानें लिहिली हें आधीं ठरवावें.

आडनांवें आलीं कोठून, हें प्रथम पाहूं. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें, पाद्र्याचें किंवा एखाद्या पोर्तुगीज सरदाराचें कुलनाम नवख्रिस्त्यास मिळे. एका गांवांतील अनेक कुटुंबांस एकच धर्मपिता लाभला, तर तीं सारीं एका आडनांवाचीं झालीं. तेव्हां दोन 'फर्नांडिस' एका गांवचे असले तरी एका कुळाचे असतीलच असें नाहीं. शिवाय 'फर्नांडिस', 'रॉड्रिग्ज', 'लोपीस' हीं नांवें मुळांत फर्नांदू, रोद्रीगू, लोपू यांचा पुत्र एवढ्याच अर्थाचीं. पोर्तुगालांतही तीं हजारों घरांचीं आहेत. पोर्तुगीज रीतींत मुलास पित्याचें किंवा मातेचें, हवें तें कुलनाम लागे, म्हणून सख्ख्या भावांचीं आडनांवें भिन्न असणेंही अशक्य नाहीं. आमच्याकडे कुळ आणि आडनांव हीं जशीं निराळीं, तसेंच हें समजावें.

'डि' किंवा 'दा' या उपपदाचा घोळ तर सर्वांहून मोठा. पोर्तुगीजांत 'दे', 'दा', 'दु', 'दुश' हे केवळ 'चा-ची-चे' या अर्थाचे प्रत्यय होत. नांव 'सौझ', प्रत्यय 'दे'. पोर्तुगीज यादींत असें नांव 'स' खालीं पाहावें लागतें, इंग्रजी यादींत बहुधा 'ड' खालीं. लोपचिन्हाचेंही तसेंच. पोर्तुगीजांत तें 'दाल्मैद' अशा स्वरानें आरंभ होणाऱ्या नांवापूर्वीं येई. 'डिसोझा', 'डिमेलो' यांतील व्यंजनापूर्वींचें लोपचिन्ह ही पुढची रूढि आहे. १९११ सालीं पोर्तुगालनें आपलें लेखन सुधारलें आणि 'झ'काराचा 'सौझ' 'स'काराचा झाला. मुंबईकडील घराणीं या सुधारणेच्या बाहेर असल्यामुळें त्यांच्यांत जुनें 'झ'कारी रूपच टिकलें.

मराठी अंमलांतील कागद येथें फार उपयोगी पडतात, आणि मोडी जाणणाऱ्या वाचकांस हें काम इतरांपेक्षां सोपें आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत, शब्द तोडीत नाहींत. त्यामुळें 'दे' हा प्रत्यय आडनांवास, किंवा क्वचित् मागील शब्दासही, चिकटून वाचला जाण्याचा संभव असतो. तरी या लेखनांत एक गुण आहे: मराठी कारकून कानानें ऐकलेलें लिहीत असे. इंग्रजी कचेरींतला लेखक डोळ्यानें पाहिलेलीं रोमन अक्षरें उतरीत असे. हा भेद लक्षांत ठेवला तर पुष्कळ कोडीं सुटतात. 'कुटिन्हो' हें आजचें मराठी रूप घ्या. पोर्तुगीज उच्चार 'कोतीन्यु' असा. त्यांतील 'न्य' हा ध्वनि रोमन लिपींत 'न' व 'ह' या दोन अक्षरांनीं दाखवितात. ज्यानें 'न्हो' लिहिलें त्यानें नांव ऐकलें नाहीं, वाचलें. 'कार्व्हालो' याची गोष्ट तीच. मूळ उच्चारांत 'ल्यु' आहे. 'डायस' तर इंग्रजी वाचनाचेंच अपत्य, मूळ 'दीयश'. उलट एखाद्या कागदांत 'न्य' किंवा 'ल्य' आढळला, तर तो लिहिणारा नांव उच्चारणाराच्या समोर बसला होता असें बहुधा समजण्यास हरकत नाहीं.

मात्र मराठी व नंतरच्या इंग्रजी महसुली कागदांत पुष्कळदां आडनांव नसतेंच. 'पेद्रू बिन मानवेल' एवढें लिहून पुढें गांव व जमीन दिली कीं कारकुनाचें काम झालें. आमच्या मतें हा तोटा नसून लाभ आहे. बापाचें नांव, गांव आणि शेताचा तुकडा या तीन खुणा आडनांवाहून भरंवशाच्या आहेत.

चर्चच्या वह्यांकडे वळूं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याविषयीं आज्ञा केली, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें त्यांचे नमुने ठरवून दिले. या वह्या कधीं पोर्तुगीजांत, कधीं लॅटिनांत, मागाहून इंग्रजींत लिहिल्या गेल्या. म्हणून व्यक्तिनामही पालटतें. लॅटिनांतील 'योआन्नेस' तोच पोर्तुगीज 'जुआंव' व इंग्रजी 'जॉन'. 'याकोबुस' याचा 'तियागू' होतो आणि 'जेम्स'ही होतो. नोंदींत 'नातुराल दे' या शब्दांपुढें जन्मगांव व 'मोरादोर' या शब्दापुढें राहण्याचें गांव येतें. 'आल्कुन्य' म्हणजे टोपणनांव. तें सांपडलें तर सोन्याहून पिंवळें, कारण घराण्याचें मराठी नांव तेथेंच लपलेलें असण्याचा संभव असतो. धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें उतरून घेण्यास आळस करूं नये. एकाच घरच्या चार मुलांचे धर्मपिते पाहिले कीं त्या घराचा आप्तवर्ग उभा राहतो, मग आडनांव कसेंही लिहिलेलें असो.

जन्मगांवाची खूण विशेष महत्त्वाची, कारण गोव्यांतही साष्टी आहे. मडगांवची साष्टी व ठाण्याची साष्टी, दोहोंच्या नांवाचा संबंध सहासष्ट गांवांशीं जोडतात. रोमन लिपींतही दोन्ही थोड्याशा फरकानें एकच दिसतात. एकोणिसाव्या शतकांत गोमंतकीय ख्रिस्ती मुंबईस येऊं लागले, आणि त्यांचीं आडनांवेंही हींच. या भेदासाठींच येथील मूळच्या ख्रिस्त्यांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. त्यापूर्वींच्या इंग्रजी कागदांत त्यांना 'पोर्तुगीज' म्हटलेलें असतें. त्यावरून युरोपीय रक्ताचा निष्कर्ष काढणारे हौशी वंशावळकार पुष्कळ असतात. तो निष्कर्ष निराधार होय.

गांवांचीं नांवेंही असाच चकवा देतात. वसईचें 'बासैं' व 'बेसीन', वांद्र्याचें 'बांदोरा', कोंडिवट्याचें 'कोंदिता'. या कोंदित्याचें सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च जेझुइटांनीं १५७९ सालीं बांधलें. सांथीमुळें १८४० च्या सुमारास तें सोडून वस्ती मरोळास गेली. अंधेरीस सीप्झच्या आवारांत आज त्याचे अवशेष आहेत. तेव्हां पुढच्या नोंदींकरितां मरोळकडे वळावें लागतें. वरिष्ठ धर्माधिकारही फिरला. साष्टींतील बहुतेक चर्चें गोव्याच्या आर्चबिशपाकडे होतीं, १८८६ त दमणच्या धर्मप्रांतांत गेलीं, व १९२८ सालीं मुंबईकडे आलीं. मुलकी दप्तराचेंही तेंच. मुंबई उपनगर जिल्हा १९२० त निर्माण झाला. तत्पूर्वींचे कागद ठाणें जिल्ह्याचे. अंधेरी व घाटकोपर १९५० त, बोरिवली व मुलुंड १९५७ त बृहन्मुंबईंत आलीं.

आडनांवांची ही विटंबना केवळ आमच्याकडचीच नव्हे. आयर्लंडांत इंग्रजी अंमलाखालीं 'ओ' व 'मॅक' हीं उपपदें गळून पडलीं आणि पुढें कित्येकांनीं पुन्हां लाविलीं. एका नांवाचीं इतकीं रूपें झालीं कीं रॉबर्ट मॅथेसन यानें १८९० सालीं नोंदणी कारकुनांसाठीं त्या लेखनभेदांचें एक पुस्तकच काढलें. अमेरिकेंत १९१८ सालीं रसेल यानें उच्चारानुसारी सांकेतिक पद्धतीचें पेटंट घेतलें. तींतून निघालेल्या 'साउंडेक्स' पद्धतींत पहिलें अक्षर कायम ठेवून पुढील व्यंजनांस अंक देतात, स्वर गाळतात. आमच्या नांवांवर ती लावून पाहिली असतां 'मेस्किता' व त्याचें येथील रूप 'मिस्किटा' दोन्ही 'एम् २३०' येतात. 'रॉड्रिग्ज' व 'रॉड्रिक्स' दोन्ही 'आर् ३६२'. परंतु 'सौझा' 'एस् २००' येतो आणि 'डिसोझा' 'डी २२०'! उपपदापुढें ती हात टेकते. यास्तव संगणकावर शोध करणारानें उपपदासह व उपपदाविना असा दोनदां शोध करावा.

आयर्लंडाचा दुसरा धडा अधिक कठोर आहे. १९२२ च्या जूनअखेर डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतींतील सरकारी दप्तरखाना जळाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील जनगणनेचे बहुतेक कागद व प्रॉटेस्टंट चर्चच्या असंख्य वह्या त्यांत गेल्या. कॅथोलिक वह्या आपापल्या चर्चांत होत्या म्हणून वांचल्या. साष्टींतील वह्या गांवोगांवच्या चर्चांतून आहेत हें त्यांचें एक संरक्षण आहे. त्यांच्या प्रतिमा घेऊन एकत्र कराव्या, असल वह्या हलवूं नयेत, असें आमचें मत आहे.

लेखनभेद दुरुस्त करण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळला पाहिजे. काका बॅप्टिस्टा (१८६४-१९३०) यांच्यासारख्या होमरूल लीगच्या अध्यक्षांचें व मुंबईच्या महापौरांचें नांवही मराठींत 'बॅप्टिस्टा' आणि 'बाप्टिस्टा' असें दोन्ही तऱ्हांनीं छापलेलें आहे. सूची करणारानें सर्व एका रूपांत घातलीं, कीं कोणती नोंद कोणत्या काळच्या कोणत्या हातची हें सांगणारा पुरावाच नाहींसा होतो. गांवठाणांतील घराची वारसनोंद करतांना एका अक्षराच्या फरकासाठीं कुटुंबास प्रतिज्ञालेख करावे लागतात. त्या वेळीं जुन्या रूपाची हुबेहूब नक्कल हाच आधार असतो. सूचींत मूळ लेखन जसेंच्या तसें द्यावें, व शेजारीं निराळ्या रकान्यांत आजचें रूप.

संग्राहकांस दोन शब्द. वहींतून सुटलेलें पान हातीं आलें तर त्यावरील आडनांवापेक्षां कडेचा जुना पृष्ठांक, पाद्र्याची सही, शाईचा रंग व शिवणीचीं भोंकें यांची आधीं नोंद करावी. भोंकांचीं अंतरें मोजून ठेवलीं, तर तें पान कोणत्या चर्चच्या कोणत्या वहींतून निघालें हें पुढें जुळवितां येतें; आणि वही कळली कीं 'परेरा' कोणता हेंही बहुधा कळतें.