मार्टिन ल्यूथर आणि ज्यूद्वेष

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (१० नोव्हेंबर १४८३ – १८ फेब्रुवारी १५४६) हा प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मानला जातो. पोपच्या सत्तेला दिलेले आव्हान, बायबलचे जर्मन भाषांतर आणि स्तोत्ररचना यांमुळे त्याला जगभर आदराचे स्थान मिळाले. मात्र उत्तरायुष्यात त्याने ज्यू समाजाविरुद्ध अत्यंत विखारी लेखन केले. हे लेखन आणि त्याचा पुढील काळात झालेला वापर हा इतिहासकारांच्या व ल्यूथरन चर्चच्या चिंतनाचा विषय ठरला आहे.

आरंभीची भूमिका

१५२३ मध्ये ल्यूथरने 'येशू ख्रिस्त हा जन्माने ज्यू होता' या अर्थाच्या शीर्षकाची पुस्तिका प्रसिद्ध केली. ख्रिस्ती लोकांनी ज्यूंना अमानुष वागणूक दिली, अशी टीका तीत आहे. त्यांना व्यवसाय करू द्यावा आणि समाजात मिसळू द्यावे, असेही त्याने सुचवले. तथापि, या सहानुभूतीमागे ज्यूंचे धर्मांतर होईल ही अपेक्षा होती. ज्यूंनी ज्यू म्हणूनच राहावे, हे त्याला तेव्हाही मान्य नव्हते.

भूमिकेतील बदल

अपेक्षित धर्मांतरे झाली नाहीत. १५३६ मध्ये सॅक्सनीचा शासक योहान फ्रीडरिख याने आपल्या प्रदेशात ज्यूंच्या वास्तव्यास व प्रवासास बंदी घातली. ही बंदी उठावी म्हणून ज्यू समाजाचा प्रतिनिधी योझेल फॉन रोझहाइम याने १५३७ मध्ये ल्यूथरची मदत मागितली. परंतु आपल्या सौजन्याचा गैरफायदा घेतला गेला, असे कारण देऊन ल्यूथरने मध्यस्थी नाकारली.

१५४३ चे लेखन

१५४३ मध्ये ल्यूथरचा 'ज्यू आणि त्यांची असत्ये' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात राज्यकर्त्यांना व धर्मोपदेशकांना पुढील शिफारशी केल्या आहेत :

* ज्यूंची सभास्थाने (सिनेगॉग) व शाळा जाळाव्यात.
* त्यांची घरे पाडावीत.
* प्रार्थनाग्रंथ व तालमूद जप्त करावेत.
* रब्बींना शिकवण्यास मनाई करावी. उल्लंघन केल्यास देहदंड द्यावा.
* रस्त्यावरील प्रवासाचे संरक्षण काढून घ्यावे.
* सावकारी बंद करून रोकड, सोने व चांदी ताब्यात घ्यावी.
* धडधाकट तरुणांना कुऱ्हाड-कुदळ देऊन अंगमेहनतीस लावावे.

बहुतेक राज्यकर्त्यांनी या शिफारशी पूर्णपणे अमलात आणल्या नाहीत. तरीही मृत्यूपूर्वी काही दिवस आइसलेबेन येथील प्रवचनांतही ल्यूथरने ज्यूंविरुद्ध इशारा दिला होता.

समकालीनांची मते

'तो काळच तसा होता' असे समर्थन अनेकदा केले जाते. ज्यूद्वेष त्या काळी सर्वत्र होता, हे खरे आहे; इंग्लंड, फ्रान्स व स्पेन येथून ज्यूंची हकालपट्टी ल्यूथरच्या आधीच झाली होती. परंतु त्याच काळात वेगळा विचार करणारेही होते. न्यूरेंबर्गचा ल्यूथरपंथी धर्मोपदेशक आंद्रेआस ओसिआंडर याने, ज्यू लोक ख्रिस्ती बालकांची हत्या करतात हा प्रचलित आरोप खोडून काढला. झुरिकचा धर्मसुधारक हाइनरिख बुलिंगर याने ल्यूथरच्या भाषेवर टीका केली.

नाझी काळातील वापर

९ व १० नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मनीत शेकडो सिनेगॉग जाळण्यात आली. थुरिंगियाचा बिशप मार्टिन सास याने ही जाळपोळ ल्यूथरच्या जन्मदिनी झाल्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि ल्यूथरच्या ज्यूविरोधी उताऱ्यांची पुस्तिका छापली. १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यात नाझी प्रचारक यूलियुस श्ट्रायखर याने स्वतःच्या बचावासाठी ल्यूथरचा आधार घेतला. याउलट, नाझी राजवटीला विरोध करून १९४५ मध्ये फाशी गेलेला डीट्रिख बोनहोफर हाही ल्यूथरन धर्मोपदेशकच होता.

मूल्यमापन

ल्यूथरचा विरोध मुख्यतः धार्मिक होता. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूला तो ख्रिस्ती मानत असे. नाझींचा द्वेष वंशावर आधारलेला असल्याने धर्मांतरानेही सुटका नव्हती. या भेदामुळे अनेक अभ्यासक ल्यूथरपासून हिटलरपर्यंत सरळ रेषा ओढणे अयोग्य मानतात. मात्र हा भेद ल्यूथरला दोषमुक्त करीत नाही. ज्यांची घरे पाडण्याचा सल्ला त्याने दिला, त्यांच्या दृष्टीने कारण धर्माचे की वंशाचे हा प्रश्न गौण होता. शिवाय हे लेखन केवळ वार्धक्यातील चिडचिड म्हणून बाजूला सारता येत नाही. जुन्या कराराचा खरा अर्थ ख्रिस्तातच आहे, या त्याच्या मूलभूत धर्मविचाराशी ते जोडलेले आहे.

चर्चची भूमिका

अमेरिकेतील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चने १९९४ मध्ये ज्यू समाजाला उद्देशून निवेदन काढून ल्यूथरचे हे लेखन नाकारले आणि खेद व्यक्त केला. धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षाच्या तयारीत, २०१५ मध्ये, जर्मनीतील प्रोटेस्टंट चर्चच्या महासभेनेही अशीच भूमिका घेतली.

विटेनबर्ग येथील ज्या चर्चमध्ये ल्यूथर प्रवचने देत असे, त्याच्या भिंतीवर ज्यूंची विटंबना करणारे मध्ययुगीन शिल्प आजही आहे. १९८८ मध्ये त्याखाली बळी पडलेल्या ज्यूंचे स्मारक बसवण्यात आले. शिल्प हटवण्याची मागणी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळली. स्मारक व माहितीफलक यांमुळे त्या जागेचे स्वरूप बदलले आहे, असे न्यायालयाचे मत होते.