घोषणांचे दशक: कोल्हापूरचा वारसा आणि त्याचा निधी

६ मे २०२५ रोजी, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिदिनीच, चौंडी येथे भरलेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिराच्या विकास आराखड्यासाठी १,४४५.९७ कोटी आणि जोतिबा मंदिराच्या आराखड्यासाठी २५९.५९ कोटी रुपये मंजूर झाले, तेव्हा त्याच महाराजांनी बांधलेले आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभे राहण्याची वाट पाहत होते. ‘विकास आराखडा’ ही शासकीय संज्ञा भूसंपादन, रस्ते, वाहनतळ, दर्शनमंडप अशा कामांच्या संचाला लावली जाते. त्यातून भाविकांची सोय होते हे मान्य करूनही, गावाने आपला इतिहास स्वतः शोधावा आणि साजरा करावा यासाठी त्यात काय आहे, हा प्रश्न उरतोच.

संस्थानकाळात या प्रश्नाचे उत्तर निराळे होते. १८५० साली स्थापन झालेले आणि पुढे करवीर नगर वाचन मंदिर म्हणून नावारूपाला आलेले ग्रंथालय असो, वा १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी निघालेली वसतिगृहे असोत, दरबाराने आश्रय द्यावा आणि कारभार लोकांनी पाहावा अशी रीत रुळली होती. वसतिगृहांना शाहू महाराजांनी जागा दिली, इमारतीसाठी रक्कम दिली, कायमच्या उत्पन्नाची तजवीज केली आणि दैनंदिन व्यवस्था त्या त्या समाजातील मंडळींवर सोपवली. १९१२ चे खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागून १९१५ साली खुले झालेले पॅलेस थिएटर (आजचे केशवराव भोसले नाट्यगृह) ही दोन्ही कामे दरबारी खर्चाची असली, तरी ती जगली पैलवानांच्या आणि नाटक मंडळींच्या वर्दळीवर.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाल्यानंतरच्या कित्येक दशकांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंचे संग्रहालय टाउन हॉलमध्ये स्थिरावले, १९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि वारसा हा विषय अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानांवर गेला. या रुक्ष काळातले खरे काम कागदांवर झाले. डॉ. आप्पासाहेब पवार यांनी आरंभिलेले शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे संपादन पुढे डॉ. विलास संगवे यांनी चालवले आणि डॉ. जयसिंगराव पवार यांनी संपादित केलेला ‘राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ’ २००१ साली प्रसिद्ध झाला. शहराच्या आत्मभानात या खंडांनी घातलेली भर नंतरच्या कोणत्याही चौथऱ्याने घातली नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

ज्या दशकाने आजची परिस्थिती घडवली ते २०१२ ते २०२२ हे होय. त्याच्या आरंभी जयप्रभा स्टुडिओच्या जागेच्या विक्रीचा वाद उभा राहिला. राजाराम महाराजांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोनचा हा वारस, भालजी पेंढारकरांची कर्मभूमी आणि १९४८ च्या जाळपोळीत होरपळून पुन्हा उभी राहिलेली वास्तू. चित्रपट व्यावसायिक रस्त्यावर उतरले, वास्तू वारसा यादीत असल्याचा आधार घेतला गेला आणि प्रश्न सुटल्याचा समज पसरला. वारसा यादी म्हणजे जतनयोग्य वास्तूंची श्रेणीवार सूची. तिच्यात नाव आल्यावर वास्तूत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाहीत, परंतु जतनाचा खर्च कोणी सोसायचा याबद्दल ती यादी मौन पाळते. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे वारसास्थळी न वापरता आलेले बांधकामक्षेत्र अन्यत्र वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, हा उपाय नियमांत असला तरी स्टुडिओच्या कामी तो आला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत ती जागा दोन वर्षांपूर्वीच विकली गेल्याचे उघड झाले आणि आंदोलन पुन्हा पहिल्या पायरीवर आले. दहा वर्षांत निवेदनांचा ढीग वाढला. स्टुडिओत काम केलेल्या तंत्रज्ञांच्या आठवणी पद्धतशीरपणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी मात्र कोणत्याही सार्वजनिक निधीत लेखाशीर्ष नव्हते.

२००३ साली बंद पडलेल्या शाहू मिलच्या जागेवरील स्मारकाची कथा याहून वेगळी नाही. ते निवडणुकांच्या आसपास आठवते आणि आचारसंहितेबरोबर विसरले जाते. याच दशकातला सुखद अपवाद म्हणजे नर्सरी बागेतील शाहू समाधी. महाराजांनी स्वतः व्यक्त केलेल्या इच्छेनुसार ती महापालिकेने मुख्यतः स्वनिधीतून उभारली आणि २०२० साली तिचे लोकार्पण झाले. ज्या महापालिकेकडे पगाराचीही ओढाताण असते, तिने हे करावे आणि कोट्यवधींच्या घोषणा करणाऱ्यांनी पाहत राहावे, यातला विरोधाभास कोल्हापूरकरांच्या ध्यानात आला नाही असे नाही. दशकाची सांगता महाराजांच्या स्मृतिशताब्दीने झाली. ६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता शहर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले आणि ‘कृतज्ञता पर्व’ शाहू मिलमध्ये गर्दीने पार पडले. ती गर्दी खोटी नव्हती. तथापि पर्व संपल्यावर मंडप उतरला आणि मिल पुन्हा कुलूपबंद झाली.

दोष केवळ शासनाला देणे न्याय्य ठरणार नाही. पेठापेठांतील तालमी, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेली आणि आता फुटबॉल, गणेशोत्सव व शिवजयंती चालवणारी मंडळे, या शहराच्या सर्वांत जुन्या लोकवर्गणीच्या संस्था होत. मर्दानी खेळ, लेझीम, हलगी त्यांनीच जगवली. त्याच वर्गणीतला मोठा वाटा या दशकात डॉल्बीच्या भिंतींवर गेला, आणि आपल्याच वस्तादांची नावे, जुन्या वर्गणीच्या वह्या, आखाड्यांची छायाचित्रे एकत्र करण्याचे भान फार थोड्या तालमींना राहिले.

या पार्श्वभूमीवर २०२४ ची आग आली. नाट्यगृहाचे नूतनीकरण शताब्दीच्या सुमारास झालेलेच होते, म्हणजे एकदा पैसा आला होता. नंतर वर्षानुवर्षे लागणाऱ्या देखभालीला मात्र घोषणेचा मान नसतो. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री रंगमंच भस्मसात झाला, तेव्हा २० कोटी रुपये तातडीने जाहीर झाले. याउलट भाऊसिंगजी रस्त्यावरील जुनी न्यायालयीन इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी अल्पावधीत दुरुस्त झाली, कारण तिचा वापर कोणाला तरी निकडीने हवा होता.

निधीची वाट अरुंद का आहे हे त्याच्या यंत्रणेत दिसते. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीला वार्षिक योजनेतील तीन टक्क्यांपर्यंत रक्कम गडकिल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारके यांच्यावर खर्च करता येते, आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या पन्हाळ्याला तिचा उपयोग होईलही. परंतु हा पैसा निविदेतून जातो आणि निविदेला ठेकेदाराची उलाढाल लागते, जी ग्रंथालयाकडे वा तालमीकडे नसते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत दगडी बांधकामाचा दर घनमीटरमागे सापडतो. पुराभिलेखागारातील मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तर, वाचून देण्याचा दर त्यात सापडत नाही. ब्रिटनमध्ये १९९४ पासून लॉटरीच्या उत्पन्नातून चालणारा वारसा निधी स्थानिक मंडळांना आज दहा हजार पौंडांपासून अनुदान देतो आणि त्यातून गिरणी कामगारांच्या मुलाखतीही होतात नि गल्लीचा इतिहासही लिहिला जातो. तेथील पद्धत जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही, कारण तिचे तत्त्व दसरा चौकातील वसतिगृहांनी शतकापूर्वीच आचरले होते.

तेव्हा जिल्हा नियोजन समितीने या तीन टक्क्यांच्या नियमात बदल करण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा आणि त्यातील एक टक्का निविदेशिवाय, हिशेबाच्या अटीवर, ग्रंथालये, शाळा, तालमी आणि मोडी अभ्यासकांच्या लहान प्रकल्पांसाठी राखून ठेवावा. महालक्ष्मी आराखड्याच्या रकमेपुढे हा आकडा नजरेतही भरणार नाही.