जीवभौतिकीचे मानकरी

सजीवांतील घडामोडींचा भौतिकशास्त्राचे नियम आणि मापनपद्धती यांच्या आधारे शोध घेणाऱ्या शास्त्राला जीवभौतिकी म्हणतात. मज्जातंतूतून संदेश कसा वाहतो, प्रथिनाची लांबलचक साखळी ठरावीक घडीतच का बसते, असे प्रश्न या शास्त्राच्या कक्षेत येतात. नोबेल पारितोषिकांत मात्र विज्ञानासाठी भौतिकी, रसायन आणि वैद्यक असे तीनच विभाग असल्यामुळे जीवभौतिकीतील संशोधकांचा गौरव तेथे इतर शास्त्रांच्या नावानेच होत आला आहे.

१९६२ सालची पारितोषिके हे याचे ठळक उदाहरण होय. पदार्थावर क्ष-किरण टाकले असता ते विखुरून फिल्मवर जी आकृती उमटते, तिच्यावरून अणूंच्या जागा गणिताने काढण्याच्या पद्धतीस क्ष-किरण विवर्तन म्हणतात. याच पद्धतीने मॅक्स पेरुट्झ व जॉन केंड्रू यांनी हिमोग्लोबिन व मायोग्लोबिन या प्रथिनांची रचना उलगडली आणि त्यांना रसायनशास्त्राचे पारितोषिक मिळाले. डीएनएच्या रचनेसाठी फ्रान्सिस क्रिक, जेम्स वॉटसन व मॉरिस विल्किन्स यांना मिळालेले पारितोषिक मात्र वैद्यकाचे होते. विल्किन्स लंडनचे, बाकीच्या चौघांचे हे काम केंब्रिजच्या कॅव्हेंडिश या भौतिकीच्याच प्रयोगशाळेत झाले होते. डीएनएची निर्णायक क्ष-किरण छायाचित्रे ज्यांच्या कामातून मिळाली, त्या रोझालिंड फ्रँकलिन यांचे १९५८ मध्येच निधन झाले असल्याने त्यांचे नाव विचारात येऊ शकले नाही.

भारतात गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांच्या वाट्यालाही असेच निरनिराळ्या विभागांचे सन्मान आले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातील दोन आम्लांना जोडणारा बंध जवळजवळ सपाट व ताठर असतो, परंतु त्याच्या शेजारचे दोन बंध आसाभोवती फिरू शकतात. हे दोन कोन ठरले की साखळीचे वळण ठरते. मद्रास विद्यापीठात रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी अणूंना ठरावीक त्रिज्येचे कठीण गोळे मानले, ज्या कोनांत हे गोळे एकमेकांवर आदळतात ते बाद केले आणि उरलेल्या कोनांचा नकाशा १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या नकाशाचा बहुतांश भाग निषिद्ध ठरला आणि अनुमत कोनांची मोजकी बेटे उरली. प्रथिनांत सर्रास आढळणाऱ्या सर्पिल व पट्टीसारख्या रचना याच बेटांवर येतात. आजही प्रथिनाची नवी रचना या रामचंद्रन आलेखावर तपासून पाहिली जाते, आणि बरेच कोन निषिद्ध भागात आढळले तर त्या रचनेत चूक असल्याची शंका घेतली जाते.

रामचंद्रन यांना १९६१ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार भौतिक विज्ञानांसाठी मिळाला, १९९९ चे एवाल्ड पारितोषिक स्फटिकशास्त्रातील होते, आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांच्या नावे ठेवलेले सुवर्णपदक जीवविज्ञानासाठी होते. नोबेल त्यांना मिळाले नाही.

विभागांच्या या अडचणीवर संशोधकांच्या संस्थांनी स्वतःच उपाय शोधला. अमेरिकन फिजिकल सोसायटीचे जीवभौतिकीचे पारितोषिक मॅक्स डेलब्रुक यांच्या नावाने दिले जाते. डेलब्रुक स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, पण १९६९ चे त्यांचे नोबेल वैद्यकाचे. अमेरिकेतील बायोफिजिकल सोसायटीचा मार्गारेट ओकली डेहॉफ पुरस्कार कारकिर्दीच्या सुरुवातीच्या टप्प्यातील स्त्री संशोधकांसाठी आहे. डेहॉफ यांनी प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या क्रमांचा संग्रह सिद्ध केला आणि प्रत्येक आम्लासाठी एकेका अक्षराची खूण रूढ केली. याउलट एवाल्ड पारितोषिक रामचंद्रन यांना आलेखानंतर छत्तीस वर्षांनी लाभले. अशा पुरस्काराने झालेल्या कामावर मान्यतेची मोहोर उमटते, तर डेहॉफ पुरस्कारासारख्या सन्मानामुळे व्हायच्या कामाला बळ मिळते. ज्या शास्त्राला विद्यापीठांतही अनेकदा स्वतंत्र विभाग नसतो, त्यातील तरुण संशोधकाला या दुसऱ्या प्रकारच्या पुरस्काराची गरज अधिक असते.