सरकारी अहवालाच्या शेजारी ठेवलेला दुसरा अहवाल

बालहक्क करारात सामील होणं जगातल्या सरकारांना फारसं जड गेलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी तो स्वीकारला, डिसेंबर १९९२ मध्ये भारत त्यात आला आणि आज अमेरिका वगळता संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य देश त्याला बांधील आहेत. जड जातं ते पुढचं. दर पाच वर्षांनी प्रत्येक सरकारने जिनिव्हातल्या अठरा तज्ज्ञांच्या समितीला आपल्या कामाचा अहवाल द्यायचा असतो. आपल्याच कामाचा अहवाल आपणच लिहायचा म्हटलं की पटावरची मुलं मोजली जातात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांतली मुलं दिवाळीनंतर पटावर असतात, वर्गात मात्र नसतात. ही तफावत समितीच्या कानावर घालायची कोणी?

या प्रश्नाची तजवीज कराराच्या मसुद्यातच झाली, आणि ती आपोआप झाली नाही. पोलंडने १९७८ मध्ये प्रस्ताव मांडल्यावर मसुद्याची चर्चा दहा वर्षं चालली. सुरुवातीला स्वयंसेवी संस्था सुट्या सुट्या बोलायच्या आणि राजनैतिक अधिकारी त्यांचं फारसं मनावर घेत नसत. १९८३ मध्ये त्यांनी एकत्र गट बांधला, आपसातले मतभेद आधीच मिटवून एकमुखी सूचना द्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. कलम ४५ नुसार समितीला युनिसेफबरोबरच इतर सक्षम संस्थांचाही सल्ला मागता येतो. संस्थांना जिनिव्हात पाय ठेवायला जागा मिळाली ती या कलमामुळे. तोच गट आज ‘चाइल्ड राइट्स कनेक्ट’ या नावाने काम करतो.

कामाची रीत नीट पाहण्यासारखी आहे. एखाद्या देशातल्या संस्था एकत्र बसून पर्यायी अहवाल लिहितात. सरकारी शिष्टमंडळ येण्याच्या काही महिने आधी समिती त्यांना बंद दाराआड भेटते. तिथे सरकारचा माणूस नसतो, पत्रकार नसतात. कधी कधी मुलं स्वतः येऊन बोलतात. या भेटीत एखादा मुद्दा पटला, तर तो समितीच्या प्रश्नावलीत उतरतो. मग उघड बैठकीत मंत्रालयाच्या सचिवाला त्यावर उत्तर द्यावं लागतं आणि शेवटी त्याची शिफारस होते. शिफारशीला दंडाची ताकद नसते. पण ती छापील असते, तिच्यावर तारीख असते आणि पुढच्या फेरीत तिचा जाब विचारता येतो.

याला वेळ किती लागतो, ते ब्रिटनमध्ये दिसतं. पालकांनी मुलाला मारणं ही ‘वाजवी शिक्षा’ असल्याचा बचाव तिथल्या कायद्यात होता. समितीने १९९५ मध्ये त्यावर बोट ठेवलं आणि नंतरच्या प्रत्येक फेरीत पुन्हा ठेवलं. तिथल्या संस्था तीच शिफारस घेऊन खासदारांची दारं ठोठावत राहिल्या. स्कॉटलंडमधला हा बचाव २०२० मध्ये गेला, वेल्समधला २०२२ मध्ये. इंग्लंडमध्ये तो अजून शाबूत आहे. पंचवीस वर्षं एकच मुद्दा लावून धरणारी माणसं वर्तमानपत्रांत फारशी दिसत नाहीत. मला मात्र या चळवळीचा कणा तीच वाटतात.

१९९८ चा बालमजुरीविरोधी ‘ग्लोबल मार्च’ त्या मानाने सर्वांना ठाऊक आहे. मनिलाहून निघून तो जिनिव्हात पोहोचला आणि पुढच्याच वर्षी घातक बालमजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८२ क्रमांकाचा करार झाला. भारताने त्याला मान्यता दिली ती २०१७ मध्ये.

महाराष्ट्राचा संस्थांच्या या जाळ्याशी थेट संबंध आहे तो मुंबईतून. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतून १०९८ ही हेल्पलाइन सुरू केली. रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी ती ‘दस नौ आठ’ झाली. फोन उचलायचा, मुलापर्यंत पोहोचायचं आणि प्रत्येक फोनची नोंद ठेवायची, अशी ही पद्धत. २००३ मध्ये त्यांनीच ‘चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल’ उभी केली आणि देशोदेशीच्या हेल्पलाइन एकमेकींना जोडल्या गेल्या. मूल कशासाठी फोन करतं, घरातल्या मारहाणीसाठी, भुकेसाठी की नुसतं कोणाशी बोलायला मिळावं म्हणून, हे कुठल्याही सरकारी सर्वेक्षणाआधी या नोंदींत कळतं. पर्यायी अहवालाला लागणारा पुरावा तो हाच.

एक खंत मात्र नोंदवायला हवी. हे अहवाल बहुतेक वेळा राजधानीत आणि इंग्रजीत लिहिले जातात. धडगाव-अक्कलकुव्यात मुलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्याकडे माहिती भरपूर असते. ती जिनिव्हापर्यंत न्यायला भाषांतर, प्रवासखर्च आणि ओळखी लागतात. बालहक्क कराराच्या तिसऱ्या ऐच्छिक प्रोटोकॉलने २०१४ पासून मुलांना थेट समितीकडे तक्रार करण्याची वाट दिली, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. म्हणजे आपल्याकडच्या मुलांचं म्हणणं तिथे पोहोचायला मुख्य आधार या अहवालांचाच. १०९८ चा कारभारही २०२३ पासून सरकारकडे गेला आहे. आता या फोनच्या नोंदी, मुलांची ओळख झाकून, जिल्हावार आणि दरवर्षी लोकांसमोर आल्या पाहिजेत, आणि ही मागणी आपल्या विधिमंडळातल्या आमदारांनीही लावून धरायला हवी. पुढचा पर्यायी अहवाल लिहायला बसणाऱ्यांना सगळ्यात आधी त्याच लागणार आहेत.