उपचार आता आपल्या दारापर्यंत

जामुल-भिलाई परिसरातील आपल्या घरी कोणाची झोप उडाली असेल, कोणी एकटेच बोलत असेल, तर लोकलज्जेपोटी ते लपवू नये. उपचार फार दूर असतात, ही समजूत एके काळी खरीच होती. बंगळूर येथे १८४७ साली वेड्यांचे इस्पितळ (तेव्हाचा शब्दच तो) उघडले, त्या काळी अशा रुग्णांना मुख्यतः समाजापासून वेगळे ठेवले जाई. १९५४ साली त्याच इस्पितळाच्या जोडीला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली आणि १९७४ मध्ये दोहोंच्या एकीकरणातून ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

तिचे मोठे काम मात्र भिंतींबाहेरचे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचारी प्रशिक्षणानंतर मनोविकार ओळखून उपचार करू शकतात, हे तिने बेल्लारी जिल्ह्यात दाखवून दिले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

२०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. रुग्ण स्वतः बोलू शकत नसल्यास आप्तांनी दूरध्वनी करावा. सुरू असलेले औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.