खाडी दारात, बोट मात्र गेटवेला!

सात माणसं, चार पिढ्या आणि एक रविवार. कोलशेत ते घारापुरी या फॅमिली ट्रिपचा हा रिपोर्ट. घरातल्या सीनियर मंडळींना घेऊन बोटीने जायचा प्लॅन तुम्हीही महिनोन्‌महिने पुढे ढकलत असाल, तर वाचाच.

‘आई-बाबांना एकदा कुठेतरी घेऊन जायचंय यार!’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकदा तरी म्हटलेलं असतं. मग डेडलाइन येते, अप्रेझल येतं, कुणाची तरी बॅचलर पार्टी येते आणि आई-बाबा पुढच्या रविवारवर जातात. आमच्या घरी या पुढच्या रविवारची मुदत माझ्या सात वर्षांच्या भाचीने संपवली. तिच्या पुस्तकात घारापुरीच्या त्रिमूर्तीचा फोटो होता. तिने तो आजीला दाखवला आणि विचारलं, ‘तू पाहिलंयस हे?’

आजी म्हणजे माझ्या बाबांची आई. वय ७९. पंढरपूर झालंय, शिर्डी झालीय, अष्टविनायक तर दोनदा झालेत. पण मुंबईच्या समुद्रातली घारापुरी? नाही. इतक्या वर्षांत तिला तिकडे कुणी नेलंच नव्हतं. घरात क्षणभर शांतता. सगळ्यात जास्त गिल्टी मी, कारण वीकएन्डला कुठे जायचं हे लोकांना सांगणं हेच माझं काम!

प्लॅन ठरला फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारचा. आणि लगेच फिसकटलाही. आई म्हणाली, ‘बोट नको.’

तिचं चुकीचं नव्हतं. दोनच महिन्यांपूर्वी, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली होती. १५ जणांचा जीव गेला. ती दृश्यं आईने टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिली होती. ‘मॉलला जा, सेंट्रल पार्कला जा, पाण्यात कशाला जाताय?’ हा तिचा सवाल. सेंट्रल पार्क म्हणजे आमच्या कोलशेतचं नवं आकर्षण. वीस एकरांहून मोठा, २०२४ मध्ये खुला झालेला. मस्तच आहे, पण आजी तिथे तीनदा जाऊन आली होती.

शेवटी आजीच मध्ये पडली. ‘मी त होरीन बसूनच आले या गावान. मना काय पान्याचा भ्याव?’

होरी म्हणजे होडी. आजीचं माहेर काल्हेर, म्हणजे आमच्या खाडीच्या बरोबर पलीकडचा काठ. साठच्या दशकात लग्न होऊन ती कोलशेतला आली, ती वऱ्हाडासकट होडीत बसून. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण त्या दिवशी ती आईवर भारी पडली. आईने तह केला, चार कलमी. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं आणि उतरेपर्यंत काढायचं नाही. गच्च भरलेल्या बोटीत चढायचं नाही. फोटोसाठी कठड्याला लटकायचं नाही. आणि अंधार पडायच्या आत परतीच्या बोटीत बसायचं. सही केली सगळ्यांनी!

कोलशेत टु गेटवे

सकाळी सहाला दोन रिक्षा, कपूरबावडीवरून ठाणे स्टेशन, तिथून फास्ट लोकल, सीएसएमटी आणि मग टॅक्सी. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, बटाट्याची भाजी आणि आजीच्या हट्टामुळे सुकटीची चटणी. (चटणीचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळूनही फर्स्ट क्लासला कळलाच.) गेटवेला पोहोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. घरातून निघून पावणेतीन तास! घर पाण्याच्या काठावर, पण बोटीत बसण्यासाठी रिक्षा, ट्रेन आणि टॅक्सी. आजीला यात काहीतरी गडबड वाटत होती. तेव्हा ती बोलली नाही, पण विषय तिच्या डोक्यात राहिला.

बोटीत चढताना केशरी जॅकेटं मिळाली. नऊवारीवर जॅकेट घातलेल्या आजीचा फोटो फॅमिली ग्रुपवर त्या दिवशी तुफान चालला. आई मात्र मधल्या बाकावर, एका हातात नातीचा हात आणि दुसऱ्या हातात बाक. गेटवे मागे लहान होत गेला, डावीकडे नौदलाची जहाजं, मग जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या. साधारण पाऊण वाट संपली असेल. आईने बाक सोडला आणि विचारलं, ‘तो लांबचा पूल कुठला गं?’ अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, जवळपास २२ किलोमीटर लांबीचा. बाबांनी जीकेचा तास सुरू केला आणि आई चक्क ऐकत बसली. बोटीची भीती तिथे संपली, असं म्हणायला हरकत नाही.

पायऱ्या १२०, गुडघे नाजूक

घारापुरीच्या जेट्टीवरून पायथ्यापर्यंत मिनी ट्रेन आहे. भाची खूश. खरी परीक्षा पुढे, सुमारे १२० पायऱ्यांची. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्र्या, मध्ये माकडं. आजीसाठी डोली मिळते, म्हणजे खुर्चीत बसवून चार जण वर नेतात. आजीने एकदा डोलीकडे पाहिलं, एकदा त्या चौघांकडे. ‘मी काय नवरी हाय?’ विषय संपला.

चाळीसेक पायऱ्या ती चढली. मग एका स्टॉलच्या बाकावर बसली ती बसलीच. इथे आपल्या पिढीचा एक फंडा आडवा येतो. आलोय तर सगळं कव्हर झालंच पाहिजे, नाहीतर पैसे वसूल कसे? ताई हिरमुसली. बाबा म्हणाले, ‘थोडं थांबून चढू या.’ आजी म्हणाली, ‘तुमी जा.’ मग आम्ही पाळ्या लावल्या. आधी सगळे वर जातील, मी आजीजवळ थांबेन. ताई खाली आली की मी अर्ध्या तासात पळत जाऊन येईन.

तो बाकावरचा एक तास हा माझ्यासाठी त्या ट्रिपचा बेस्ट तास ठरला. शेजारी चिंचा आणि काकड्या विकणाऱ्या एक बाई होत्या. आजीने काकडी घेतली आणि थेट विचारलं, ‘तुजा म्हायेर कंचा गो?’ पाच मिनिटांत दोघींची भाषा एक झाली. दोघी आगरी. एक खाडीच्या काठची, एक बेटावरची. लग्नातल्या होड्या, भरती-ओहोटी बघून ठरणारं येणं-जाणं, रात्री-अपरात्री आजारी माणसाला पलीकडे नेताना होणारे हाल... मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ऐकत राहिले.

आपण टुरिस्ट घारापुरी म्हणजे लेणी समजतो. पण या बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना या गावांना समुद्राखालून टाकलेल्या केबलमधून कायमची वीज मिळाली ती थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे काही तास. बाई म्हणाल्या, लाइट आली त्या रात्री पोरं झोपलीच नाहीत. आजी म्हणाली, कोलशेतला लाइट आली तेव्हा आम्हीपण नव्हतो झोपलो!

पाळी माझी

ताई खाली आली आणि मी वर धावले. शाळेच्या सहलीत पाहिलेली लेणी आता वेगळीच वाटली. सहाव्या शतकाच्या आसपास अख्ख्या डोंगरात कोरलेली ही गुंफा. दक्षिणेच्या भिंतीवर अंधारात उभा असलेला सुमारे वीस फुटी तीन मुखांचा सदाशिव, बाजूला अर्धनारीश्वर, गंगाधर, शिव-पार्वतीचं लग्न. १९८७ पासून हा युनेस्कोचा जागतिक वारसा आहे. कित्येक मूर्तींचे हातपाय तुटलेत, तरी त्या सदाशिवासमोर आपला आवाज आपोआप खाली येतो.

भाचीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. ‘एलिफंटा म्हणतात, मग एलिफंट कुठाय?’ बरोबर आहे. पोर्तुगीजांना इथे दगडाचा मोठा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला हे नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून तो आता भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. झालं! पुढचा एक रविवार भाचीने तिथेच बुक केला.

खाडीचा ‘व्ह्यू’ झाला

परतीच्या बोटीत ऊन उतरलं होतं. आईने या वेळी स्वतःहून कडेची जागा घेतली. (जॅकेट घट्ट!) आणि सकाळपासून दाबून ठेवलेला प्रश्न आजीने काढला. ‘आपले खारीन बोट कवा येल गो?’

काय सांगणार? कागदावर ती आहे. २०१६ च्या कायद्याने वसई खाडी आणि उल्हास नदी मिळून कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ जाहीर झाला, लांबी १४५ किलोमीटर. पहिल्या टप्प्यासाठी चार जेट्टींची नावंही आली. मीरा-भाईंदर, डोंबिवली, कोलशेत आणि काल्हेर. म्हणजे आजीचं सासर आणि माहेर, दोन्ही यादीत! आम्ही घारापुरीला गेलो त्या रविवारी मात्र कोलशेतहून कुठेही जाणारी एकही प्रवासी बोट नव्हती. घोडबंदर रोडवर रोज तासभर ब्रेक दाबत बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे खाडीला भाव आहे. कोलशेतच्या टॉवरमधला ‘क्रीक व्ह्यू’ फ्लॅट महाग मिळतो. आपण बाल्कनीत कॉफीचा मग घेऊन तिच्याकडे बघतो. आजीच्या वेळी ती बघायची गोष्ट नव्हती. तो रस्ता होता, लग्नाचा, बाजाराचा, माहेरचा. हे मला कळायला गेटवेपर्यंत जावं लागलं.

आजीला अर्धं उत्तर तरी देता आलं. भाईंदर-वसई रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, ती आपल्याच खाडीच्या मुखाशी. आजी म्हणाली, ‘मंग उंद्या?’ उद्या सोमवार आहे, ऑफिस आहे, असं जिजू म्हणाले. पण तारीख त्यांनी त्याच लोकलमध्ये मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकली. मुलुंड यायच्या आत.

तुम्हीही निघताय?

दिवस : सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी जाणार असाल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून घ्या. सकाळी लवकर निघा, उन्हाच्या आधी पायऱ्या होतात.

तिकीट : बोटीचं तिकीट गेटवेलाच. लेण्यांचं वेगळं, भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना फ्री. मिनी ट्रेन आणि डोलीचे पैसे आधी विचारून घ्या.

बोट : लाइफ जॅकेट घाला, मुलांचं बकल स्वतः तपासा. गर्दी वाटली तर पुढची बोट घ्या. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारा. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद राहू शकतात.

सीनियर मंडळी : पाळ्या लावा. कुणीतरी खाली थांबलं म्हणजे ट्रिप फुकट गेली, असं नसतं.

माकडं : खाऊची पिशवी आणि कोल्ड्रिंकची बाटली हातात दिसू देऊ नका. आमची एक गेली.

जवळचा पर्याय : भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून वसई किल्ला. पाण्यातलं अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, पंधरा मिनिटांत पलीकडे. गाडीही बोटीत जाते. उतरलं की समोर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला. आणि हो, पायऱ्या नाहीत!