केरळचा किनारी जलमार्ग : सहकुटुंब नौकाविहार आणि सुरक्षिततेचे भान

केरळच्या किनाऱ्याला समांतर, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, सरोवरे, नद्यांची मुखे आणि कालवे यांची एक साखळी पसरलेली आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यामुळे समुद्राच्या लाटा येथवर पोहोचत नाहीत. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी चार ते पाच मीटर चढते. कोची परिसरात मात्र भरती-ओहोटीतील फरक जेमतेम एक मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे येथील पाणी बहुतांश काळ संथ असते. आजी-आजोबा, लहान मुले आणि स्नेही यांच्यासह लहान नौकेतून एक-दोन दिवसांचा प्रवास करण्यासाठी देशभरातून पर्यटक येथे येतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे. परंतु पाणी संथ असले म्हणजे प्रवास आपोआप सुरक्षित होत नाही, हे गेल्या काही वर्षांतील दुर्घटनांनी दाखवून दिले आहे. म्हणून हा जलमार्ग आणि त्यावरील नौका यांची माहिती प्रवासापूर्वी करून घेणे हिताचे ठरते.

जलमार्गाचे स्वरूप

कोल्लम ते कोट्टप्पुरम हा १६८ किलोमीटरचा पश्चिम किनारा कालवा आणि त्याला जोडलेले चंपक्करा व उद्योगमंडल हे दोन कालवे मिळून २०५ किलोमीटर लांबीचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ सन १९९३ मध्ये घोषित झाला. सन २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमानुसार त्याचा विस्तार कोळिकोडपर्यंत करण्यात आला. कोल्लमजवळील अष्टमुडी सरोवर, त्यानंतर कायमकुळम सरोवर आणि पुढे विस्तीर्ण वेंबनाड सरोवर असा हा मार्ग उत्तरेकडे जातो. अष्टमुडी आणि वेंबनाड या दोन्ही पाणथळ क्षेत्रांचा समावेश सन २००२ मध्ये रामसर यादीत झाला.

हा मार्ग केवळ निसर्गनिर्मित नाही. वेंबनाडच्या दक्षिणेकडील कुट्टनाड भागात समुद्रसपाटीपेक्षा सुमारे अर्धा ते दोन मीटर खाली असलेल्या जमिनीत भातशेती केली जाते. उन्हाळ्याच्या दिवसांत समुद्राचे खारे पाणी या शेतीपर्यंत पोहोचू नये, यासाठी सन १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे बंधारा बांधण्यात आला. त्याची झडपे साधारणतः डिसेंबर ते एप्रिल या काळात बंद ठेवली जातात. अशा ठिकाणी नौकांच्या ये-जा करण्यासाठी दोन्ही टोकांना दरवाजे असलेले बंदिस्त कुंड असते. नौका आत आल्यावर मागील दरवाजा बंद करतात, आतील पाण्याची पातळी पुढील पाण्याबरोबर आणतात आणि मग पुढील दरवाजा उघडतात. कायमकुळमच्या उत्तरेस त्रिक्कुन्नप्पुळा येथेही अशी व्यवस्था आहे. लांबच्या प्रवासाचे वेळापत्रक आखताना अशा ठिकाणी लागणारा वेळ गृहीत धरावा लागतो.

नौका आणि दिनक्रम

पर्यटकांमध्ये सर्वाधिक लोकप्रिय असलेली नौका म्हणजे केट्टुवळ्ळम. पूर्वी या नौकांतून भात आणि इतर माल वाहून नेला जात असे. फणसाच्या कुळातील अंजिली वृक्षाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना बांधून, लोखंडी खिळ्यांशिवाय त्या तयार केल्या जात. रस्ते झाल्यावर या नौकांना काम उरले नाही. सन १९९० च्या दशकात त्यांवर खोल्या, स्वयंपाकघर आणि बांबूचे छत चढवून पर्यटकांसाठी हाऊसबोटी तयार होऊ लागल्या.

आलप्पुळा किंवा कुमरकम येथून निघणारी हाऊसबोट सामान्यतः दुपारी प्रवाशांना घेते, सायंकाळपर्यंत संथ गतीने फिरते, रात्रभर काठाला बांधून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतते. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास हाऊसबोटी थांबवण्याचा प्रघात आहे, कारण त्यानंतर स्थानिक मच्छीमार पाण्यात जाळी टाकतात. अरुंद कालव्यांत हाऊसबोट शिरू शकत नाही. तेथील घरे, शाळा आणि शेते जवळून पाहायची असल्यास काही तासांसाठी लहान शिकारा अथवा वल्ह्याची होडी घ्यावी लागते. याच पाण्यावर राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी नौका विद्यार्थी आणि नोकरदारांची नियमित वाहतूक करतात. वैक्कम–तवणक्कडवू मार्गावर सन २०१७ मध्ये सौरऊर्जेवर चालणारी ‘आदित्य’ ही प्रवासी नौकाही सुरू झाली.

नौका कशामुळे उलटते?

सन २००२ च्या जुलै महिन्यात मुहम्मा येथून कुमरकमकडे येणारी प्रवासी नौका वेंबनाड सरोवरात बुडाली आणि २९ जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांमध्ये स्पर्धा परीक्षेसाठी निघालेले अनेक उमेदवार होते. सन २००९ च्या ३० सप्टेंबरला तेक्कडी येथील जलाशयात पर्यटक नौका उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले. सन २०२३ च्या ७ मे रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे सायंकाळी उशिरा निघालेली, क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी असलेली दुमजली नौका उलटून २२ जणांनी प्राण गमावले. मृतांमध्ये लहान मुलांची संख्या मोठी होती आणि एकाच परिवारातील अनेक जण होते. तेक्कडी आणि तानूर येथील प्रवासी कुटुंबीय आणि मित्रांसह आनंदासाठी निघाले होते, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

नौकेचा तोल दोन गोष्टींवर अवलंबून असतो : भार किती आहे आणि तो कोठे आहे. भार तळाशी आणि मध्यभागी असेल, तर कललेली नौका पुन्हा सरळ होते. तोच भार वरच्या मजल्यावर गेला की तिची सावरण्याची क्षमता कमी होते. दहा प्रौढ व्यक्तींचे वजन सुमारे ६०० किलोग्रॅम भरते. काठावरील पक्षी अथवा प्राणी पाहण्यासाठी किंवा सामूहिक छायाचित्र काढण्यासाठी हे दहा जण एकाच वेळी एका बाजूला गेले, तर तेवढा भार क्षणात सरकतो. लहान नौका त्यामुळे धोकादायक रीतीने कलू शकते आणि एकदा कठड्यावरून पाणी आत आले की सावरण्यास वेळ उरत नाही. मालवाहू किंवा मासेमारीच्या नौकेवर नंतर मजला चढवला असेल, तर मूळ रचनेतील हे संतुलन बदलते. म्हणूनच फेरफारानंतर तांत्रिक तपासणी आवश्यक असते.

कायदा आणि प्रवाशांचे कर्तव्य

सन १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी सन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला असून तो सन २०२२ पासून लागू झाला आहे. यंत्रचलित नौकांची नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, चालकांची पात्रता, विमा आणि जीवरक्षक साधने यांविषयीच्या तरतुदी त्यात आहेत. प्रवाशांना ही कागदपत्रे पाहण्याची मागणी करता येते आणि त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

नौकेत पाऊल ठेवण्यापूर्वी मान्य प्रवासीसंख्या विचारावी आणि आपल्या गटातील मुलांसह सर्वांची मोजणी करावी. प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का, विशेषतः मुलांच्या मापाची जाकिटे आहेत का, हे पाहावे. जाकीट कपाटात असून उपयोग नाही. नौका उलटताना ते शोधून घालणे अशक्य असते. बाहेर पडण्याचे मार्ग सामानाने अडवू नयेत. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, विस्तीर्ण सरोवरात वाऱ्यामुळे लाटा उठतात. अशा वेळी सारंगाने, म्हणजे मुख्य चालकाने, निघण्यास नकार दिला तर आग्रह धरू नये. नौका काठाला बांधलेली असतानाही मुलांवर लक्ष असावे, कारण नौका आणि काठ यांमधील फट अंधारात दिसत नाही. तळाशी गाळ आणि वनस्पती असल्याने पोहण्यासाठी पाण्यात उतरणेही टाळावे.

संख्या मर्यादेपेक्षा जास्त भरली, तर दुसरी नौका घ्यावी किंवा पुढील फेरीची वाट पाहावी. ‘एवढ्याने काय होते, सावरून बसू’ हा आग्रह बहुधा प्रवाशांकडूनच होत असतो आणि चालकाला तो मोडवत नाही. अशा वेळी मागे राहण्याची तयारी गटातील वडीलधाऱ्यांनी प्रथम दाखवली, तर उरलेल्यांना ते मान्य करणे सोपे जाते.